चालू आहे का, बघा

रास्ता पेठेत, तिसऱ्या मजल्यावर,
मंगळवार, गुरुवार, शनिवार, सातची पाळी.
लिफ्ट बंद असली की ह्यांना धरून
एकेक पायरी, मध्ये दोनदा बसून.

सुई टोचण्याआधी सुवार्ता
प्रत्येकाच्या कोपराखाली तीन बोटं ठेवते
आणि डोळे मिटते. क्षणभरच.
शिरेत रक्ताची घरघर आहे का, एवढंच बघते ती.
विचारलं होतं मी.
"मिटल्याशिवाय नीट लागत नाही हो, काकू."
तरी तेवढा वेळ
मी पिशवीतलं प्लास्टिक वाजू देत नाही.

शेजारच्या खुर्चीत केरबा लोणकर.
पीएमटीचे कंडक्टर, निवृत्त होऊन अकरा वर्षं,
आवाज अजून स्वारगेट डेपोतच.
चहा पुळकवणी, पंखा भिकारडा,
आणि ह्यांचं घोरणं म्हणजे तर गुन्हाच.
एकदा माझ्या डब्यातला शिरा परत केला,
"असल्या साखरेनंच मेलो."
त्या दिवशी देव घासताना
बाळकृष्णाचा हात जरा जास्तच रगडला गेला.

परवा वीज गेली.
यंत्रं एकदम ओरडायला लागली,
सुवार्ता त्या टोकाला
कुणाचा तरी पंप हातानं फिरवत होती.
लोणकर म्हणाले, इतकं हळू,
हा आवाज त्यांच्याकडे आहे हे मला ठाऊकच नव्हतं,
"बाई, हात लावता जरा? चालू आहे का, बघा.
माझ्या बोटांना आता कळत नाही."

मी पदराला हात पुसला.
का पुसला, कोण जाणे. स्वच्छच होता.

दोरखंडासारखी फुगलेली शीर,
तिच्यावर सुयांचे जुने काळे ठिपके,
आणि कातडीच्या अगदी लगेच खाली
मांडीवर निजलेल्या मांजराची असते तशी
गुरगुर. ऊन ऊन. न थांबणारी.
माझे डोळे कधी मिटले?

"आहे का?"
"आहे," मी म्हटलं. "जोरात आहे."
"मग काढा की हात, किती वेळ!"
पुन्हा स्वारगेटहून.

संध्याकाळी दिवा लावून हात जोडले
तर ती तीन बोटं अजून झिणझिणत होती.
बाळकृष्णाला लावून पाहिली.
पितळ गार.
त्याचाही दोष नाही,
त्याला मी सगळं मागितलं,
तुझं चालू आहे का, असं विचारलं नाही कधी.

आत ह्यांचं घोरणं सुरू होतं.
कोपराखाली बोटं ठेवून
बराच वेळ बसले पलंगाच्या कडेला.
कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या
मोजल्या नाहीत.