शुक्रवारी दुपारचा व्हॉल्व्ह

नीश शहर, चौथा मजला, लिफ्ट बंद.
सात किलोचा प्री-अ‍ॅम्प्लिफायर छातीशी धरून
मी मधे दोनदा थांबलो.
जिन्यात भाजलेल्या लाल मिरच्यांचा वास,
दारादारामागे हिवाळ्याच्या बरण्या भरत होत्या.

वुकोसावाबाईंनी पेटी हातात घेऊन आधी वजन पाहिलं.
"ट्रान्सफॉर्मरवर कंजुषी नाही केलीस. बरं."
बावीस वर्षं त्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात होत्या,
भिंगाखाली केसाहून बारीक तार
दोन खांबांभोवती गुंडाळत.
कारखाना कधीच बंद पडला. बोटं अजून
कपाच्या कानाशी तीच गुंडाळी करतात.

मी रेकॉर्ड काढली.
"ठेव ती. आधी काही लावू नकोस."

तर आम्ही काहीच न लावता ऐकलं.
सुई वर, आवाज पूर्ण चढवलेला,
काडी विझताना जेवढी लाल राहते
तेवढेच लाल चार व्हॉल्व्ह.
पीठ चाळल्यासारखी सळसळ
आणि तिच्या तळाशी एक घूं.
बाईंनी उठून फ्रीजची पिन काढली.
घूं गेली.
"तुझी नव्हती. माझी होती."

मग पेन्सिलीच्या रबराने
एकेका काचेवर टिचकी.
पहिला गप्प. दुसरा गप्प.
तिसरा वाजला,
लांबच्या खोलीत चमचा पडावा तसा.
निवल्यावर काढून उजेडात धरला:
अर्धा पुसलेला शिक्का.
"आमचाच. शुक्रवारी दुपारचा.
शुक्रवारी दुपारी पगार व्हायचा."
थट्टा होती का, मला कळलं नाही.
मी खिशातला जादा व्हॉल्व्ह लावला.

त्यानंतर कुठे तबकडी. त्यांचीच, कडेला किंचित वाकलेली.
बाईचा एकटीचा आवाज, मागे एक बासरी.

तबकडी कोरताना खर्ज दाबतात, तार चढवतात,
नाहीतर खाच शेजारच्या खाचेत घुसेल.
आपण ऐकताना ते उलटं करायचं:
दाबलेलं उचलायचं, चढलेलं उतरवायचं,
जेवढ्यास तेवढं.
कागदावर माझा हिशोब सुतासारखा सरळ होता.
कागद संपल्यावर मी एक कपॅसिटर वाढवला होता,
गिऱ्हाइकाला ऊब आवडते म्हणून.
हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

आवाज आला, साय धरलेला, गोल.
मी निकालाला आलेल्या पोरासारखा
त्यांच्या भुवयांकडे बघत राहिलो.

"मधाचं बोट लावतोयस मला."

"म्हणजे?"

"ही माझी नणंद, स्तामेना.
स्टुडिओत मी काचेपलीकडे तिचा कोट धरून बसले होते.
तिला सर्दी होती. सडकून.
तारीख पुढे ढकला म्हटलं तर ढकलेनात.
तुझ्या पेटीतून ती बरी होऊन आली."

मी प्लग काढला.
दहा मिनिटं वाट पाहिली;
अडीचशे व्होल्ट कुणाची ओळख ठेवत नाहीत.
पक्कड आणली नव्हती. त्यांनी नेलकटर दिलं.
कुठला तुकडा, ते विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
कट्.

पुन्हा सुई.
आता चुरचुर जास्त, बासरी जरा कडक, 'स' बोचरे.
दुसऱ्या कडव्याआधी कुणीतरी हळूच नाक ओढलं.
आणि पुढच्या ओळीतला 'म'
नाकात अडकून 'ब'कडे झुकला.

बाई काहीच बोलल्या नाहीत.
बाजू संपली, सुई शेवटच्या खाचेत
टक्, टक्, टक् करत राहिली,
मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे थोडी."

मग फ्रीजची पिन लावली.
पैशांचं काढलं तर विषय बदलला.
शुक्रवारचा व्हॉल्व्ह मात्र
रुमालात गुंडाळून टेबलाच्या खणात गेला.
मी मागितला नाही.

उतरताना पेटी हलकी लागली;
एक कपॅसिटर कमी झालेला, फार तर चार ग्रॅम.
दुसऱ्या मजल्यावर दारामागे कुणी शिंकलं.
मी थांबलो.
फार स्वच्छ ऐकू आलं.