प्रसंग चौसष्ट

ऑगस्टात पाजूला बर्फ पडतोय.
रात्रीचे दोन, अंगाची नुसती लाही,
आणि नायिकेच्या खांद्यावर लोकरीचा कोट.
कागदाचा बर्फ, यंत्रातून भुरुभुरु.
तो पाडणारा ताक ग्यू-चॉल शिडीवर उभा,
गळ्यात ओला टॉवेल.

मी बांग ही-सुक. माझं काम मेळ ठेवण्याचं.
मागच्या शॉटला मफलरची गाठ डावीकडे होती,
कपात कॉफी दोन बोटं उरली होती,
रडताना आधी उजवा डोळा पुसला होता,
सगळं माझ्या वहीत.
एकवीस वर्षं झाली.
नट आले, नट्या गेल्या, नाकं बदलून परत आल्या.
नाकांचीसुद्धा नोंद आहे.

या मालिकेतली बाई विभागप्रमुख.
स्वतःच्या पैशाची गाडी, कागदांवर स्वतःची सही.
तिसऱ्या भागात बापाला सुनावलं होतं तिने,
मला पोसणारा नको, ऐकणारा असेल तर बघू.
तेव्हा दिवे धरणारी पोरगी अंधारात हसली होती.
मी लिहिलं होतं: हनुवटी वर. आवाज खाली नाही.

आज संध्याकाळी नवी पानं आली,
प्रिंटरची ऊब अजून अंगावर.
सिंगापूरची बढती तिने सोडली म्हणे.
विमानतळावरून माघारी, बर्फातून धावत.
बूट निसटतो, तो उचलून देतो,
आणि ती म्हणते, मला आता काही नको.

मी दिग्दर्शकाजवळ गेले.
म्हटलं, मेळ लागत नाही.
त्याने वाकून बूट पाहिला. उजवाच आहे ना?
बूट बरोबर आहे. बाई चुकली आहे.
बिचारा तीन रात्री झोपला नव्हता.
म्हणाला, नूना, लोकांना शेवट गोड लागतो.
लागू दे की.
पण गोडीसाठी दर वेळी
हिचीच नोकरी का विरघळवायची?
तो हसला. टेक चार.

गांगनुंगहून आई दर रविवारी विचारते,
एकटीपुरता भात लावायचा कंटाळा येत नाही?
येतो. म्हणून दोन दिवसांचा लावते.
घराची अनामत भरली तेव्हा
घरमालकाने नवऱ्याच्या सहीची जागा दाखवली होती.
मी तिथे तिरकी रेघ मारली.
रेघ जरा लांबच गेली, खालच्या कलमावर.
एवढंच. त्यावर कोणी मालिका काढणार नाही.

साडेचारला पॅकअप.
झाडूने बर्फ गोळा करता करता
ताक ग्यू-चॉल म्हणाला, समोर हेजांगगुक मिळतं. येता?
माझे पैसे मी देईन.
माहीत आहे, म्हणाला. मागच्या दोन मालिकांतही दिले होते.
आणि अंडं वेगळं मागवलं होतं.

मी रस्त्याच्या मधोमध थांबले.
एकवीस वर्षं सगळ्यांच्या नोंदी ठेवल्या,
माझी कोणी ठेवत असेल
हे ध्यानीमनी नव्हतं.

सूप आलं. वाफेआडून तो म्हणाला,
तिचं ते परत येणं मलाही रुचलं नाही.
म्हणून बर्फ जरा जास्त सोडला,
तोंडच दिसू नये.
म्हणजे टेक चार तुमच्यामुळे गेला?
चार आणि सहा.
मला हसू फुटलं, नाकात सूप गेलं,
तो गंभीरपणे मुळ्याचे तुकडे मोजत बसला.
सात मात्र ओके झाला. सात लोक बघतील.

माझ्या वाडग्यात कागदाचा एक कपटा तरंगत होता.
त्याने चमच्याने अलगद काढला.
कुठल्या हाताने, ते मी पाहिलं नाही.

अहवालात लिहिलं: प्रसंग चौसष्ट, मेळ नाही.
खाली पूर्ण नावाने सही.
मग उठून आम्ही वेगवेगळे पैसे दिले
आणि गल्ल्यावरची म्हातारी
दोघांकडे बघून करवादली,
एवढ्या पहाटे सुट्टे कुठून आणू?