वाढत्या अंगाचं

गणवेशांचा हंगाम सरला. एकशे बारा चड्ड्या,
शर्टांची मोजदाद मी सोडून दिली.
बोटांना अजून खडू लागलेला
आणि मी उभी खडेबाजारात, हुद्दारांच्या दुकानी.
‘आकाशात उडणारी माणसं दाखवा,’ म्हटलं,
‘बहिणीच्या पोरांना द्यायची आहेत.’
हुद्दार म्हणाले, ‘वयं सांगा की.’

वय मला चटकन सांगता येत नाही.
माप येतं.

मल्हारी : उंची सोळा, छाती बावीस,
बटण दिसलं की तोंडात.
त्याला जाड पुठ्ठ्याची पानं, चावली तरी टिकणारी,
आणि दुष्ट माणूस असा हवा
जो दिवा मालवल्यावर कपाटामागं उभा राहणार नाही.
हुद्दारांनी काढला एक शिंकणारा राक्षस.
शिंकला की घरांची कौलं उडतात,
सर्दी बरी झाली की आपल्या घरी जातो.
चालेल. सर्दी मल्हारीला ठाऊक आहे.

सौंदर्या : छाती सव्वीस,
दर फ्रॉकला एकच प्रश्न, ‘मावशे, खिसा घातलीस?’
मी चित्रं उलटत गेले.
एक बाई डोंगर उचलते, पण तिच्या अंगावरचं कापड
कुणी बेतलं देव जाणे,
हात वर केला की काखेत उसवणार,
पळाली की गुडघ्यात अडकणार,
आणि खिसा नाहीच.
मग घराची किल्ली कुठं ठेवते ही?
हुद्दार हसले. मी कापडाबद्दल थट्टा करत नाही.
सहाव्या पुस्तकात सापडली एक विजारवाली,
दोन खिसे, एकात दोरा, एकात भाजक्या शेंगा.
हीच द्या.
डोंगर जागेवर राहिला तरी चालतंय.

शेजारच्या इराण्णाचा वीरेश आमच्याच पायरीवर बसतो,
त्याला वगळून कसं जमेल?
तो कन्नड शाळेत. मला कन्नड अक्षर कळतं
गिऱ्हाइकांची नावं वहीत लिहिण्यापुरतं.
दुकानातल्या पोराला म्हटलं, वाच बघू मोठ्यानं.
दोन पुस्तकं त्यानं पावती वाचावी तशी वाचली.
तिसरं वाचताना आवाज बारीक होत गेला,
मग बंदच,
आणि तो मला विसरून पान उलटायला लागला.
तेच बांधून घेतलं.
उडणारा माणूस काय म्हणाला ते मला अजून माहीत नाही.

राहिला प्रज्योत.
तेरा पुरी. याचं माप दर महिन्याला खोटं ठरतं.
उद्यमबागेत फाउंड्रीवर बापाचा डबा पोचवतो,
त्या हाताची दोन बोटं यंत्रानं घेतली
त्याला वर्ष झालं.
परवा म्हणाला, ‘असलं कुणी नसतंय मावशे.’
मी सुईत दोरा ओवत राहिले, ओवलेलाच.

मोठ्यांच्या कप्प्यात नुसती मारामारी,
रक्त असं लाल, की आमच्या धुलाईत उतरायचं नाही.
मी प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान आधी बघितलं,
शिवण तपासतात तशी, उलटीकडून.
एकात मधेच, पंचावन्नाव्या पानावर,
त्या माणसाची ताकद जाते.
कायमची.
आणि पुस्तक अजून चाळीस पानं शिल्लक.
दुकानात उभ्यानंच तेवढी वाचली.
तो पुढं काय करतो? भांडी घासतो,
लंगडत बाजाराला जातो,
एका पोराला पोहायला शिकवतो.

शिवताना मी खाली दोन इंच दुमड ठेवते,
पुढच्या साली उसवून सोडायला.
‘पुस्तकात असं काही ठेवतात काय हो?’
विचारलं हुद्दारांना.
ते पैसे मोजत होते. सातशे चाळीस.
म्हणजे पाच पोरांचे शर्ट, काजंसकट.

मल्हारीनं राक्षस पहिल्याच दिवशी भिजवला.
सौंदर्या विजारीचा तिसरा खिसा शोधते आहे.
वीरेशनं मला गोष्ट सांगितली, निम्मी हातवाऱ्यांनी.

प्रज्योतचं पुस्तक चार दिवस
फ्रिजवर पडून, वर इस्त्रीचे कपडे.
पाचव्या दिवशी कपडे उचलले तर
पंचावन्नाव्या पानाचा कोपरा दुमडलेला.

मी काही विचारलं नाही.
मशीनमध्ये तेल घातलं
आणि चाक रिकामंच फिरवून बघितलं.