तोंडाएवढ्या उंचीवर

धारूरचा घाट चढून डांबरी सोडली
की पुढं वाट आहे, असं इलियास म्हणतो.
मला दिसतं ते नुसतं गवत,
हँडलच्या वर आलेलं, भादव्याच्या उन्हात वाफाळणारं.
"मधी बगा सर, जिथं जरा लाजल्यावानी वाकलंय,
तीच."

तो पुढं. त्याच्या सायकलला ब्रेक एकच, मागचा.
सहा दिवस गावाचे पंक्चर काढतो,
सातव्या दिवशी स्वतःचे करायला इथं येतो.
माझी एकवीस गिअरची. त्यातले तीन चालतात.

पहिलं जाळं थेट तोंडावर बसतं,
तरवडापासून सीताफळीपर्यंत ताणलेलं.
ओठांवर चिकट, पापणीवर एक पाय,
माझा नसलेला.
पुसायला हात सोडता येत नाही,
गवताखाली दगड पोटावर झोपलेत.

चिलटं डोळ्यांत. एक गिळलं.
"प्रोटीन," इलियास मागं न बघता.
कुसळं मोज्यांत शिरून तिरकी चालतात,
आघाडा पँट धरून ठेवतो,
गोखरू काही विचारत नाही, सरळ टायरात.
घाणेरीनं दंडावर ओळी आखल्या
नोंदवहीसारख्या.

नोंदवही मला बरी कळते.
ग्रामीण रुग्णालयात, खिडकीजवळच्या टेबलावर,
आठवडाभर मी काचपट्टीवरचा थेंब बघतो,
पसरलेला, वाळलेला, जांभळा,
आणि त्यात शोधतो ते बारीक कडं,
अंगठीएवढंही नाही, पण खडा बसवलेलं.
भादव्यात रोज साठ-सत्तर.
म्हणजे डासांशी माझी ओळख कागदोपत्रीच.
इथं ते स्वतः येतात, एकेक,
सही घ्यायला.

खिंडीच्या अलीकडं शेळ्या.
मागं कौताबाई, खांद्यावर आकडी.
"कुठं निघालाव?"
"कुठंच नाही."
"मंग ह्या वाटंनं कशाला?
मपल्या शेळ्याबी इकून येईनात आता."
सीताफळाची वाट होती म्हणे ही,
पहाटं पाट्या डोक्यावर, बाजार उजाडायच्या आत.
आता टेम्पोच बांधाला लागतो.
"पायच न्हाईत राह्यले वाटंला."
मग ती खाली बसते,
चिखलातल्या टायरच्या ठशावर बोट फिरवते.
"सापावानी दिसतंय. बुजतील."

उतार लागला आणि मी सगळं सोडून दिलं.
गवत दोन्ही अंगांनी सपासप,
टोळ उडतात मूठ-मूठ फेकल्यासारखे,
हिरवे, मातकट, एकाचे पंख आतून गुलाबी,
गुडघा ओरडतो, मीही ओरडतो,
का ते कुणी विचारू नये.
वळणावर इलियास नाही.
नाल्यात आहे. सायकल वर, तो खाली,
कानात मुंगळा, आणि हसू थांबत नाही.

रात्री सत्यभामा मोबाईलच्या उजेडात
माझ्या गुडघ्यामागची गोचीड चिमट्यानं काढते.
"पेशंट तपासायला पगार मिळतो का
पेशंट व्हायला?"
मी गोचीड काडेपेटीत ठेवतो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत भिंगाखाली धरली.
आठ पाय. घाई कसलीच नाही.
पोटात माझंच रक्त, जरा शिळं.
नाव, वय, गाव: कुठल्या रकान्यात काय लिहू?
नळाखाली सोडणार होतो.
खिडकीतून फेकली, मग वाटलं,
हे बरं केलं की वाईट.

पुढच्या रविवारी गवत पुन्हा ताठ.
ठसा तेवढा उरलाय, बोटभर, वाळून कडक,
आणि त्याच्यावरच, अगदी सरळ रेषेत,
शेळ्यांच्या ओल्या लेंड्या.

तरवडापाशी तेच जाळं, नव्यानं,
तोंडाएवढ्या उंचीवर.
मधोमध ती बसलेली, पिवळ्या पट्ट्यांची.
मी उतरतो. हँडल तिरकं करून
सायकल खालून काढतो, मग मान खाली घालून मी.
"काय झालं, पंक्चर?" पुढून आवाज.
"नाही."
"मंग?"
पाठीला एक धागा लागलाच.