काखेतली कळी

मणेराजुरीचे एरंडोले द्राक्षदौऱ्यावर गेले होते
थेट ओकायामाला. तिकडंही द्राक्षंच म्हणे,
एकेका घडाला कागदाची टोपी घालतात.
येताना त्यांनी एक कोट आणला.
पहिल्याच छाटणीत बाही तारेत अडकून फाटली
आणि कोट तासगावात माझ्या मशीनवर आला,
पिशवीत, वांगी आणि वीजबिलाच्या सोबतीनं.

रंगाला लवकर नाव सापडेना.
करवंदाचं पाणी रुमालाला लागतं
आणि चार धुण्यांनंतर जे उरतं, तो.
बटणं लाकडाची, एकासारखं दुसरं नाही.
गळ्याच्या पट्टीवर विणलेलं इवलं पान,
खाली चार अक्षरं.
अक्षरं मला वाचता येईनात.
टाका वाचता आला.

कारखाना लहानच असणार.
मोठ्या कारखान्यात कोण खिशाच्या तोंडाला
हातानं आडवे टाके घालत बसतं?
बाई असेल, चष्मा नाकावर घसरलेला,
किंवा बुवा, दाताखाली दोरा धरून.
जे कुणी असेल, त्यानं मांडवाखाली दिवस काढलेत.
कात्रीचा खिसा मांडीवर, तिरका,
वाकलं तरी टोक पोटात जाऊ नये असा,
त्याच्या तळाला भोक, माती गळून जायला.
पाठीत एक चुणी:
हात पुढं केला की केळीचं कोवळं पान सुटावं तशी सुटते,
हात खाली आला की परत गुंडाळून बसते.

मी शिवण उसवली.
बाहीपुरती उसवायची होती, जास्तच उसवली.
काखेत ती सापडली.
तळहाताएवढी, चौकोनी,
तिरक्या धाग्यावर कापलेली कळी.

आमचे दादा पैरणीला घालायचे.
मग तयार शर्ट आले, माप देणारी गिऱ्हाइकं कमी झाली,
कळी गेली.
कुणी विचारलं नाही कुठं गेली.
मीही नाही.

गल्लीतल्या बायका डिसेंबरात विरळणीला जातात.
साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट,
कुणाच्या लग्नातला, कुणाच्या बँकेतला,
एकीच्या अंगावर तर पोलीसभरतीसाठी शिवलेला, भरती न झालेला.
आठ ते पाच हात डोक्याच्या वर,
घडातला मणी न मणी निवडत.
आणि संध्याकाळी माझ्याकडं तोच शर्ट, तीच काख.
वीस वर्षं मी काखा शिवत आले.
वाटायचं, कापड हलकं.
कापडाचा दोष नव्हता.
हात वर जातो, हे त्या शर्टाला
कुणी सांगितलंच नव्हतं.

विट्याहून जाड सुताचा तागा मागवला.
आटपाडीच्या डाळिंबांच्या साली उकळल्या,
गंजक्या खिळ्यांचं पाणी ओतलं.
शेजारीण म्हणाली, "काय शिजवतीयास गं?"
रंग उतरला तो खोडाच्या सालीचा,
दव पडल्यावर दिसते त्या.

पहिला जैबूनला घातला.
तिनं दुकानातच दोन्ही हात वर केले,
पंख्याच्या पात्याला बोटं लागली,
धूळ आम्हा दोघींवर पडली.
काख बोलली नाही.
जैबून हात वरच धरून उभी राहिली थोडा वेळ,
मग म्हणाली, "खिसा बारीक केलायस.
डबा कुठं ठेवू?"

एरंडोले कोट न्यायला आले.
तीस रुपये झाले म्हटलं, पंचवीस दिले.
बाही निरखून बघितली त्यांनी, काख नाही.
आतल्या बाजूला, जिथं दिसणार नाही तिथं,
मी माझा एक टाका जादा घातलाय,
दादांचा, उलटा घेऊन परत येणारा.
कधी तिकडं कुणी उसवला
तर वाचतील.

आता डब्याचं माप घ्यायला हवं.
जैबूनचा चौकोनी आहे,
बाकीच्यांचे गोल.