लिखणावळ

अब्बांनी किंमत विचारलीच नाही.
म्हणाले, "दस्ताचा खर्च किती?"

तीस वर्षं मंडणगडच्या कचेरीबाहेर
पत्र्याखाली बसलेला माणूस,
दुसऱ्यांची जमीन दुसऱ्यांच्या नावावर
निळ्या शाईने करून देणारा.
त्याला ठाऊक, ठरलेला आकडा म्हणजे नुसती ओसरी,
आत अजून बरंच चालायचं असतं.

मी अल कुसैसच्या भाड्याच्या खाटेवर
वही उघडून बसले होते.
सहा लाख चाळीस हजार दिरहम, मीच सांगितलं.
एक खोली, हॉल, बाल्कनी. पर्शिया क्लस्टर.
"इराणात?"
नाही अब्बा, दुबईतच. नुसतं नाव.
"बरं. पुढे."

चार टक्के जमीन खात्याला. पंचवीस हजार सहाशे.
"हा मुद्रांक. त्यावर कुरकुर करायची नाही."
दोन टक्के दलालाला,
आणि त्या दोन टक्क्यांवर पाच टक्के कर.
"दलालीवरही?" ते हसले, मग खोकला आला.
"पुढे."
बँक कर्ज देते, म्हणून बँकेला एक टक्का.
घराची किंमत ठरवायला बँकेने माणूस पाठवला,
सात मिनिटं होता, बूटही काढले नाहीत,
त्याचे दोन हजार सहाशे पंचवीस.
तारण नोंदवायचे बाराशे ऐंशी.
सह्या ज्या टेबलावर होणार
त्या टेबलाचे चार हजार दोनशे.
वीज-पाण्याची अनामत, दोन हजार.
"ती परत मिळते. वेगळ्या रकान्यात लिही."

मी वेगळ्या रकान्यात लिहिली.
तरी बेरीज चोपन्न हजार दोनशे पासष्टच आली.
त्यातला एक फिल्सही कर्जात बसत नाही.
सगळं माझ्या रात्रपाळ्यांचं,
बायकांच्या पोटावर गार जेल लावून
पडद्यावर ठोका शोधून देण्याचं.
अब्बा, ही लूट आहे, मी म्हटलं.

पलीकडे पंख्याचा आवाज येत राहिला.
"माझी लिखणावळ पानाला पाच रुपये होती, झुलेखा.
लोक तेव्हाही हेच म्हणायचे."

रेडिओलॉजीच्या डिप्लोमाची फी
किती पानांची झाली असेल,
हे मी कधी मोजलं नव्हतं.
त्या रात्रीही मोजलं नाही. दिवा घालवला.

गुरुवारी टोकन एकसष्ट.
विकणाऱ्या तहानीबाई खार्तूमच्या,
थकलेला सर्व्हिस चार्ज भरून
ना-हरकत पत्र घेऊन आलेल्या, चिडलेल्या.
मला वाटलं होतं, कापतात फक्त घेणाऱ्याला.
आम्ही एकमेकींना आपापल्या पावत्या दाखवल्या,
दुखणी दाखवावीत तशा.

काचेपलीकडे टाइप करणारा पोरगा
माझं नाव अरबीत उतरवत होता.
झुलेखा अब्दुलगनी खोत.
मधल्या नावाशी थांबला, पासपोर्ट पुन्हा उघडला,
एक अक्षर खोडलं, नीट घातलं.
त्याच्या त्या एका अक्षराला
काय दर पडतो, कोणाला ठाऊक.
मी सही केली.
हजार दस्त लिहिलेल्या माणसाचं नाव
पहिल्यांदा एका दस्तात गेलं,
तेही उजवीकडून डावीकडे.

संध्याकाळी रिकाम्या घरातून फोन लावला.
"चतुःसीमा काय घातली?"
चतुःसीमा नाही अब्बा. नुसता नंबर, आणि क्षेत्रफळ.
"असा कसा दस्त? सीमा नाही, तर माणूस उभा कुठे राहणार?"

मी बाल्कनीत गेले. सूर्य कुठे बुडतोय ते पाहिलं.
पश्चिमेस पार्किंग, एक पांढरी पिकअप,
तिच्यावर धुळीत बोटाने काढलेला मासा.
पूर्वेस जिना, आणि कोणाच्या तरी
सहा जोड चपला.
दक्षिणेस भिंत. भिंतीपलीकडे
कोणीतरी लसूण ठेचतंय.
उत्तरेस...

"थांब," ते म्हणाले, "हळू सांग.
चष्मा सापडत नव्हता.
हं. पश्चिमेस काय म्हणालीस?"