पाठमोरी

निमाणीवरून पावणेसातची एसटी,
म्हसरूळ, ढकांबे, मग दिंडोरीच्या अलीकडं उतरून
बागांमधून दीड किलोमीटर पायी.
अठरा वर्षं माझ्या चपलांना ही वाट पाठ आहे.

ऑक्टोबर छाटणीला सुरगाण्याकडून टोळ्या येतात,
शेडनेटच्या हिरव्या कापडामागं चुली मांडतात
आणि सोमवारी शाळेच्या दारात चार-पाच पोरं उभी.
दाखला नाही, दप्तर नाही,
एकीच्या कडेवर धाकटं भावंड.

त्यांची नावं आम्ही पेन्सिलीनं लिहायचो.
"शिमग्याला जातीलच, मॅडम, शाई कशाला?"
असं हेडसर म्हणायचे, आणि मला ते पटायचं.
खोडरबर हजेरीच्या पुस्तकातच ठेवलेला असायचा.

मी सगळ्यांना सारखंच वागवते,
हे मी सांगत असायची
शिक्षण परिषदेत, नणंदेला,
एसटीतल्या अनोळखी बाईलासुद्धा.
बागाईतदार वडज्यांचा ओजस
आणि टोळीतली हेमलता भोये एका बाकावर.
ओजसची आजी तावातावानं आली, उवा होतील म्हणून.
मी म्हटलं, आजी, उवा सातबारा बघून चढत नाहीत.
ही गोष्ट मी जरा जास्तच वेळा सांगितली आहे.

हेमलताच्या नावापुढं मात्र मीच लिहिलं होतं,
लक्ष नसतं.

नोव्हेंबरात माझा घसा बसला.
थंडीनं की फवारणीच्या वासानं, कोण जाणे,
आवाज म्हणून निघेना.
शुद्धलेखन तर घ्यायचं होतं.
मी नुसते ओठ हलवले.
वर्ग खिदळला, कोणी माझी नक्कल केली,
कोऱ्या वह्यांची चळत टेबलावर आली.
त्यात एक वही भरलेली.
पाणी. भाकर. मामा. आंबा.
नाचणीच्या जागी नागली.

लाल पेन कागदाला टेकलं आणि तिथंच राहिलं.
ही मुलगी ऐकत नव्हती, बघत होती.
आणि मी रोज
महत्त्वाचं ते सगळं
फळ्याकडं तोंड करून बोलत आले होते.
सगळ्यांना सारखीच पाठ.

सुट्टी झाल्यावर तिच्या आईला शोधत गेले.
शेवटच्या प्लॉटची छाटणी चालली होती.
"चौथ्या वर्षी कान वाहिला," ती म्हणाली,
कात्री थांबली नाही.
मी कानाचं विचारत होते, लक्ष मात्र तिच्या हाताकडं.
ही काडी आखूड, ती लांब, असं का?
ती हसली. शहरातल्या बाईचा प्रश्न.
"बारीक काडीवर डोळे कमी राखायचे, जाडीवर जास्त.
एका मापानं कापत सुटलं तर बाग बसते, बाई."

त्या रात्री मला नीट जेवण गेलं नाही.

आता फळ्यावर मी लिहीत नाही, पोरं लिहितात.
ओजसच्या ओळी उतरत उतरत
खडूच्या फळीवर येऊन पडतात. पडू देत.
मी वर्गाकडं तोंड करून उभी,
अठरा वर्षांत पहिल्यांदा दिसलं
की मागच्या बाकावरचा रिहान कधीच हसत नाही.
त्याचं अजून काही उमगलेलं नाही.
फळ्यावर नाचणी आहे, शेजारी नागली आहे,
कुठलीच कंसात नाही.
हजेरीत हेमलताचं नाव आलं
की शेजाऱ्यानं बाकावर थाप मारायची,
लाकडातून तिच्या कोपराला कळतं.
ही युक्ती माझी नाही, ओजसची.

शिमगा आला. शेडनेट गुंडाळलं गेलं,
चुलीच्या जागी तीन काळे दगड.
"हेमलता भोये," मी म्हणते, ओठ स्पष्ट हलवून,
आणि सगळा वर्ग बाकांवर थाप मारतो.
हेडसर खिडकीशी थबकतात.
मी गैरहजर लिहिते. शाईनं.

तिच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींना
एका ओळीची चिठ्ठी पाठवली आहे,
कृपया फळ्याशी बोलू नका.
अजून उत्तर नाही.